अक्का, चटई आणि आतली कडी

सुमनअक्का,

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं असतं तर मी थांबून विचार केला नसता. कॉलेजच्या निरोप समारंभात विचारलंच होतं. मुलांनी आई-वडिलांची, सरांची नावं घेतली. मी उभा राहून म्हणालो, "माझी आत्या, सुमनअक्का, असोदा." मागच्या बाकावरची पोरं गावाच्या नावाला हसली. घरी येऊन तुला सांगितलं तर तू म्हणालीस, "पत्ता कशाले सांगितला? पत्र धाडनार होते का ते?"

त्यांनी नाही धाडलं. मी धाडलं, गेल्या उन्हाळ्यात, धुळ्याहून. तेच पत्र आता माझ्या छातीवर बसून आहे.

तू गेलीस ती पुढच्या खोलीत, चटईवर, दाराला आतून कडी लावून. दिवसाउजेडी जिनं कधी दार लोटूनसुद्धा घेतलं नाही, ती तू. कडी लावायला मी सांगितलं होतं. का सांगितलं, तर मला लाज वाटली होती म्हणून. एवढंच आहे, अक्का. बाकी सगळं या दोन वाक्यांभोवतीच फिरतं.

आई-वडील गेल्यावर तू मला ओढत शाळेत नेलंस. मी दाराशी रडत होतो आणि तू बाईंना म्हणालीस, "रडू द्या. आत बसून रडंन." तुझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत. संध्याकाळी केळीच्या बागेतून यायचीस, पदरावर चिकाचे काळे डाग, कमरेवर हात. तशीच भिंतीला टेकायचीस आणि म्हणायचीस, "वाच. मोठ्यानं वाच. मनातल्या मनात वाचलेलं मले कसं समजंन?" इतिहास, भूगोल, पुढे वाणिज्य शाखेची हिशेबाची पुस्तकंसुद्धा मी तुला मोठ्यानं वाचून दाखवली. तू मध्येच डोळे मिटायचीस. झोपलीस वाटून मी थांबलो की डोळे न उघडता म्हणायचीस, "पूर्णविराम कुठं आला? थांबला का?"

आपल्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी लागली तीही खुर्चीवर बसायची. तुला त्याचाच मोठा आनंद. "बसून काम हाये माह्या पोराले," असं तू गल्लीत सांगायचीस. आणि त्याच बसण्यानं माझी पाठ गेली. तुझी पाठ घड वाहून वाकलेली, माझी खुर्चीवर बसून. सकाळी मोजा घालायला वाकता येईना. हे तुला सांगायचीसुद्धा लाज. तीस वर्षांचाही नाही झालो आणि म्हाताऱ्यासारखा पलंगाचा काठ धरून उठतो, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? तू तर घड उचलून बांधापर्यंत चालायचीस आणि वर हसायचीस.

धुळ्यात देवपूरला एका मॅडमच्या क्लासला डॉक्टरांनी पाठवलं. पिलाटेस म्हणतात त्याला. चटईवर झोपून, बसून, रांगून, सावकाश करायचे व्यायाम. मला वाटलं होतं जोर-बैठका असतील, घाम निघेल. मॅडम म्हणाल्या, "आधी श्वास. फासळ्या छत्रीसारख्या बाजूंना उघडू देत. सोडताना पोट हळूच आत. आता कंबर चटईला लागली का बघा." क्लासमध्ये सगळ्या बायका, आणि कोपऱ्यात मी एकटा पुरुष. महिनाभर मी छताकडे बघूनच व्यायाम केला. ऑफिसातल्या सुरेशला कुठून तरी कळलं. चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, बायास्ना क्लासमा तुनं काय काम शे?" मी म्हणालो, बहिणीला सोडायला जातो. मला बहीण नाही.

पण पाठ सुटत गेली, अक्का. पोटातल्या खोल स्नायूंना पाठीचा भार उचलायची सवय लागली, तशी कंबर मोकळी झाली. मोजा घालता यायला लागला. त्याहून नवल म्हणजे मनाचं. दिवसभर डोक्यात साहेबांचं बोलणं, राहिलेलं काम, उद्याची धास्ती. चटईवर झोपलो की एकेक मणका खालून वर उचलायचा आणि वरून खाली टेकवायचा, त्यातच लक्ष इतकं गुंतायचं की बाकीचं आपोआप गप्प बसायचं. झोप लागायला लागली. चिडचिड कमी झाली. हे कोणाला तरी सांगावंसं वाटायचं, पण सांगताना "बायांचा क्लास" आडवा यायचा.

तू डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आलीस आणि सगळं उघडं पडलं. एका सकाळी मी खोलीत चटईवर, गुडघे वाकवून कंबर वर उचललेली. तू दारात.

"हे काय करू राह्यला रे?"

"काही नाही. व्यायाम आहे, पाठीचा."

"झोपून व्यायाम?" तू पदर तोंडावर धरून हसलीस. मग बराच वेळ बघत राहिलीस. "मी पन करू का?"

डॉक्टरांनी डोळ्यांसाठी सांगितलेले दिवस उलटेपर्यंत मी तुला चटईला हात लावू दिला नाही. नंतर मॅडमना विचारून सुरुवात केली. तू लुगड्याचा काष्टा नीट खोचून चटईवर आडवी झालीस आणि पहिल्याच वाक्याला अडलीस.

"श्वास पाठीत घे," मी म्हणालो.

"पाठीत कसा घेऊ बापा? नाक तं पुढं हाये."

मी तुझे हात तुझ्या फासळ्यांवर ठेवले. म्हटलं, श्वास घेताना हे हात बाजूला सरकले पाहिजेत. तू घेतलास, आणि हात सरकले. दुसऱ्यांदा घेतलास, तिसऱ्यांदा घेतलास. मग छताकडे बघत म्हणालीस, "घड खाली ठेवल्यावर लागतं तसं लागू राह्यलं." आयुष्यभर तू ओझी उतरवलीस. पण ओझं नसतानाही तुझी पाठ ते धरूनच बसली होती, हे त्या दिवशी माझ्या हाताला कळलं.

असोद्याला परत गेलीस ती चटई घेऊनच. निळी चटई, गुंडाळून काखेत. बसमध्ये कोणी विचारलं तर म्हणालीस, "पोरानं अंथरून दिलं."

तुझ्यात काय काय बदललं, ते तू फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगायचीस. खाली बसल्यावर भिंत न धरता उठता यायला लागलं. फळीवरचा डाळीचा डबा काढताना चक्कर येत नाही. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय सरकला तरी तोल सावरला. रात्री कूस बदलताना जाग येत नाही. एकदा म्हणालीस, "तुह्या बापाची आठवन आली का छाती भरून येते नं, तं मी आता खाली झोपून श्वास घेते. रडू येते, पन गुदमरत नाही." मी म्हटलं, "छान. रोज करत जा." मॅडमसारखं. तेव्हा दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं, ते काय ते अजून सापडलेलं नाही.

आणि मग तो उन्हाळ्यातला दिवस.

तो आठवला की मी आजही आधी हसतो, आणि मग हसण्याचीच लाज वाटते. तू नेहमीसारखं दार सताड उघडं ठेवून पुढच्या खोलीत आडवी झाली होतीस. बाजूला खाट रिकामी. पाय सरळ, हात बाजूला, डोळे मिटलेले. व्यायाम संपल्यावर थोडा वेळ असं पडायचं, हे मीच शिकवलेलं. समोरची शेवंताकाकू विरजण मागायला आली. आपल्याकडे माणूस जायला आलं की त्याला खाटेवरून जमिनीवर घेतात. शेवंताकाकूनं रिकामी खाट पाहिली, खाली तू पाहिलीस, आणि दारातूनच हंबरडा फोडला.

"अवो, अक्काले खाली घेतलं वो! या ना कोनी!"

क्षणात गल्ली गोळा झाली. घरात दुसरं कोणी नसताना तुला खाली घेतलं कोणी, हे कोणी विचारलं नाही. काकूनंच धावत जाऊन तुळशीचं पान आणलं आणि चमच्यानं तुझ्या तोंडात पाणी सोडलं. तू लांब श्वास आत घेत होतीस. तुला ठसका लागला आणि तू ताडकन उठून बसलीस.

"मेली नाही मी अजून! व्यायाम करू राह्यली!"

दोन बायका किंचाळत बाहेर पळाल्या. काकू तिथंच बसली आणि हसता हसता रडायला लागली. तू तिला म्हणालीस, "पानी गोड होतं वो तुह्यं. खरंच जाईन नं, तवा असंच पाज."

पण तोवर कोणीतरी बोदवडला नानांना, म्हणजे तुझ्या धाकट्या भावाला, फोन केला होता. नाना टोपी घालून, खांद्यावर पंचा टाकून आले, तर तू चुलीपाशी भाकरी थापत होतीस. त्यांनी मला फोन केला. "प्रकाश, काय शिकवलं तू तिला? भर दुपारी जमिनीवर मुडद्यासारखी पडते. बोदवडपर्यंत लोक हसून राह्यले. शिकलेला माणूस ना तू?"

शिकलेला माणूस. तो शब्द मला फार लागला. सुरेशची टपरी आठवली. तुझं काय झालं, तू ठीक आहेस का, हे नंतर विचारलं. आधी डोक्यात आलं ते असोद्यातल्या लोकांचं हसणं, आणि त्या हसण्यातलं माझं नाव. तुला फोन केला तर तू खूश होतीस. "अरे, किती मानसं आली पाहायला! मेल्यावर किती येतील ते समजलं."

"अक्का, यापुढे दार लावून करत जा."

"का? मी काय चोरी करू राह्यली का?"

"लोक हसतात."

"हसू दे. उघड्या दारातून वारा येतो, मानूस येतो. बंद दारात काय येतं?"

"माझ्यासाठी लाव."

तू विचारलंस, "तुले लाज वाटते का रे माही?"

मी म्हणालो, "तसं नाही." तेव्हा तसंच होतं, अक्का. फक्त लाज तुझी नव्हती. मला माझीच वाटत होती, त्या क्लासच्या कोपऱ्यातल्या माझी. पण हे वेगळं करून सांगण्याइतका मी शिकलेलो नव्हतो. फोनवर वाद नको म्हणून मी पत्र लिहिलं. व्यायाम नीट लिहून दिले आणि दाराचंही लिहिलं. मोठ्या अक्षरात, तुला चष्म्याशिवाय वाचता यावं म्हणून.

तू ते पत्र कणकेची खळ करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलंस. दार उघडं असलं की ते भिंतीकडे, कोणाला दिसत नाही. दार लावलं की तुझ्यासमोर. चटईवरून मान वळवली की वाचता येईल, अशा उंचीवर. शेवंताकाकूला तू बजावून ठेवलंस, "दार बंद दिसलं तं समज, पाठीचं काम चालू हाये. हाक मारली तरी उठनार नाही. पोरानं सांगितलं हाये, श्वास पुरा करायचा."

आपला शेवटचा फोन थंडी पडल्यावरचा. तू म्हणालीस, "थंडीत दार लावलेलं बरं हाये. पन सकाळी कोनी डोकावत नाही रे आता." मी म्हणालो, "व्यायामापुरतंच ना." तू म्हणालीस, "हो, व्यायामापुरतंच." त्याच वेळी मी म्हणू शकलो असतो की उघड ते दार, हसू दे लोकांना. ओठांवर आलंही होतं. पण साहेबांनी हाक मारली आणि मी फोन ठेवला.

तू गेलीस त्या सकाळी काकू विरजण मागायला आली. दार बंद. तिनं हाक मारली. आतून उत्तर नाही. तिला वाटलं, श्वास चालू असंल, आणि ती परत फिरली. दुपारी पुन्हा आली तेव्हाही दार बंदच होतं. पोरांनी कडी उचकटून दार उघडलं. तू चटईवर होतीस. गुडघे वाकवलेले, दोन्ही हात फासळ्यांवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक थांबलं. चुलीपुढं असतीस तरी थांबलं असतं. व्यायामानं नाही. नाना मानायला तयार नव्हते, तेव्हा मी डॉक्टरांना दोनदा विचारलं, आणि मॅडमनाही फोन करून विचारलं. सगळे तेच म्हणाले. नानांनी शेवटी मान हलवली, पण पंच्यानं डोळे पुसत म्हणाले, "ते असू दे. पण तोंडात थेंबभर पाणी नाही पडलं रे तिच्या. गल्लीभर माणसं असून."

तुला खाली घ्यावं लागलं नाही, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. स्वतःच जमिनीवर गेली, पुण्यवान बाई. मला ते ऐकून थोडं बरं वाटायचं, आणि लगेच पुढचं वाक्य यायचं. "पन दार का लावलं होतं वो अक्कानं? पहिले कधी लावत नव्हती." त्यावर दुसरी, आवाज खाली न घेता: "अन् ते शेवंता तं दारापासून परत गेली. जित्या मानसाले पानी पाजलं, अन् जायच्या वक्ती पाठ फिरवली."

काकू रोज यायची. दाराजवळ बसायची, तोंडावर पदर. चहा घ्यायची नाही. बोलणं तिच्या कानावर जात होतं, पण पोरानं सांगितलं होतं, एवढंही ती म्हणाली नाही. मी समोर बसून होतो. भेटायला माणसं येत होती म्हणून दार दिवसभर सताड उघडं, आणि दार आणि भिंत यांच्या मधे माझ्या अक्षरातलं पत्र. एकदा उठून दार लावलं असतं तर सगळ्यांना उत्तर मिळालं असतं. मी उठलो नाही. पहिले दिवस गेले. दहावा झाला. माझी लाज झाकायला तुला दार लाव म्हणालो, आणि तीच लाज झाकायला दार उघडं ठेवलं. अक्का, तू वाढवलेला माणूस असा निघाला.

परवा तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. पंगती उठल्या. काकू जेवायला बसली नव्हती. कोणीतरी आग्रह केला तर म्हणाली, "मले घास उतरत नाही. मी एकडाव कडी वाजवली असती नं..." तुझा दोष नाही, असं कोणी तिला म्हटलं नाही. तेव्हा मी उठलो आणि दार लावलं.

खोलीत अंधारल्यासारखं झालं. नाना म्हणाले, "दार का लावलं? माणसं येतील अजून." पत्राची एक कड सुटली होती, ती अंगठ्यानं दाबली. तुझ्या हाताची खळ अजून खरखरीत लागत होती. खिडकीतून येणारा उजेड बरोबर त्या कागदावर पडला होता. तू जागा नीट निवडली होतीस.

काकूला म्हणालो, "काकू, इकडं बघा. हे मी लिहिलंय." तिला वाचता येत नाही. म्हणून मी मोठ्यानं वाचलं. नाना, बोदवडची माणसं, गल्लीतल्या बाया, सगळ्यांसमोर. तू शिकवलंस तसं, पूर्णविरामाला थांबत.

तीर्थस्वरूप अक्कास,

प्रकाशचा शिरसाष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. पाठ चांगली आहे, काळजी करू नकोस.

व्यायाम विसरू नयेस म्हणून लिहितो. सकाळी पोट रिकामं असताना करायचा. आधी उताणी झोपून गुडघे वाकव, तळपाय जमिनीला टेकव. हात फासळ्यांवर. नाकानं श्वास घे, हात बाजूला सरकले पाहिजेत. तोंडानं सोड, पोट हळू आत जाऊ दे. मग कंबर उचल, शेपटाच्या हाडापासून वर, एक एक मणका. उतरवताना वरून खाली. घाई नाही. मग एक पाय जमिनीवरून सरकवत लांब कर, परत आण, मग दुसरा. मग रांगून मांजरासारखी पाठ वर कर, तुला हे आवडतं. दुखलं तर थांब. जोर करायचा नाही, हे घड उचलण्याचं काम नाही. शेवटी सरळ पडून राहा. तेव्हा काहीही आठवलं तरी फक्त श्वासाकडे बघ. मन हलकं होतं, मला झालं आहे.

आता दुसरं. व्यायाम करताना दार लावत जा, आणि आतून कडी घाल. परवा जे झालं ते पुन्हा नको. लोकांना काय सांगणार? मध्येच कोणी हाक मारली तरी उठू नकोस, श्वास अर्धा सोडू नकोस. येणारा थांबेल, नाहीतर जाईल. विरजण काय, नंतरही देता येतं.

शेवंताकाकूंना नमस्कार सांग. दिवाळीला येतो. काही लागलं तर फोन कर, मी लगेच येईन.

तुझा,
प्रकाश

ता. क. यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त दार लावून घे.